इंजिन दर फेरीला अडखळतंय? रॉडची भोकं मोठी करायच्या आधी हे करून बघा

धातूच्या किटमधून स्टीम लोकोचं मॉडेल बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतंच. चेसिस उभी राहिली, चाकं बसली, कपलिंग रॉड (एका बाजूची चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्या) लागले, हौसेने रुळावर ठेवलं, करंट दिला, तर गाडी चालते खरी पण चाकाच्या दर फेरीला एका ठरावीक जागी अडखळते, पायात काटा रुतलेल्या माणसासारखी. वेगात असली की कळत नाही, हळू केली की लगेच दिसतं, आणि स्टीम लोको बघायची मजा तर हळू चालतानाच असते. मग आपण काय करतो, ब्रोच (भोक खरवडून वाढवायची निमुळती धारदार सळई) घेतो आणि रॉडची भोकं थोडी मोठी करतो. बरं वाटतं. आठ दिवस छान चालते, मग मागे चार डबे लावले की पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा ब्रोच, पुन्हा थोडी मोठी भोकं, आणि शेवटी रॉड खुळखुळ्यासारखे वाजायला लागतात तरी गाडी लंगडतेच आहे.

मी हे एकाच इंजिनावर तीनदा केलंय. ४ मिमी स्केलचं (खऱ्या एका फुटाला ४ मिमी) ०-६-० टँक इंजिन (सहा ड्रायव्हिंग चाकं, पुढेमागे छोटी चाकं नाहीत), फ्रेम आणि बॉडी एच केलेल्या, म्हणजे रसायनाने कोरलेल्या, पितळी पत्र्याची, रॉड निकल सिल्व्हरचे, चिमणी आणि डोम व्हाइटमेटलचे. तीनदा क्वार्टरिंग (डाव्या-उजव्या चाकांमधला कोन जुळवणं) पुन्हा केलं, तीनदा भोकं वाढवली. चौथ्यांदा सगळं सुटं करून व्हर्निअर घेऊन बसलो तेव्हा कळलं की मागच्या ॲक्सलचं डाव्या बाजूचं बेअरिंग ०.१५ मिमी पुढे बसलंय. बस, एवढंच. चाकांना हात लावायची गरजच नव्हती, घोडं पेंड खात होतं ते फ्रेममध्ये. त्यानंतर जेवढी चेसिस बांधली त्यात एक ठरवून टाकलं की क्वार्टरिंगकडे सगळ्यात शेवटी बघायचं, आणि का ते नीट सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं शोधणं खूप सोपं होतं.

क्वार्टरिंग म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकांच्या क्रँक (चाकाच्या मध्यापासून रॉड अडकवायच्या पिनपर्यंतचा हात) एकमेकींशी ९० अंशात ठेवणं. खऱ्या दोन सिलिंडरच्या इंजिनात हे असतं कारण एका बाजूचा पिस्टन टोकाला, म्हणजे डेड सेंटरला, पोचला की त्या बाजूने जोर लागत नाही, तेव्हा दुसरी बाजू नेमकी मध्यावर असते आणि गाडी ओढते. आपल्या मॉडेलमध्ये मोटर एकाच ॲक्सलला फिरवते आणि बाकीच्या चाकांना कपलिंग रॉड फिरवतात, त्यामुळे तीच गोष्ट इथेही लागू. आता गंमत बघा, ९० अंश अगदी काटेकोर असायची गरजच नाही. ८८ असले तरी चालतं, फक्त सगळ्या ॲक्सलना सारखेच ८८ पाहिजेत. एकाला ८८ आणि दुसऱ्याला ९१ असलं की भांडण सुरू.

तरीसुद्धा त्या भांडणात गाडी बरीच सांभाळून घेते. २६ इंच स्ट्रोकच्या (पिस्टनची या टोकापासून त्या टोकापर्यंतची चाल) इंजिनाची क्रँक त्याच्या निम्मी, १३ इंचांची, म्हणजे ४ मिमी स्केलमध्ये साधारण ४.३३ मिमी. एवढ्या त्रिज्येवर १ अंशाची चूक म्हणजे क्रँकपिन जेमतेम ०.०७५ मिमी सरकते. आणि ही चूक दोन बाजूंच्या रॉडमध्ये वाटली जाते, चाक थोडं इकडे थोडं तिकडे फिरून जुळवून घेतं, त्यामुळे अगदी वाईट जागेलासुद्धा एकेका रॉडच्या वाट्याला ०.०३ मिमीच्या आतच येतं. पिन आणि भोक यांच्यात तेवढी मोकळीक असतेच.

अंतराची चूक मात्र अशी वाटली जात नाही. रॉडच्या दोन भोकांमधलं अंतर आणि फ्रेममधल्या दोन ॲक्सलमधलं अंतर यात ०.१५ मिमीचा फरक असेल तर क्रँक आडवी आली, म्हणजे डेड सेंटरला आली, की तो सगळाच्या सगळा फरक पिनवर येतो. कारण त्या क्षणी पिन वर किंवा खाली सरकत असते, चाक कितीही थोडं पुढेमागे फिरवलं तरी दोन पिनमधलं आडवं अंतर बदलत नाही. तिथे पळवाटच नाही. म्हणून ०.१५ मिमी खपवायला भोक चांगलंच मोठं करावं लागतं, आणि भोक मोठं केलं की आता बाकीच्या सगळ्या जागी रॉड ढिला, मागची चाकं पुढच्यांपेक्षा उशिरा फिरतात, लोड आला की डेड सेंटरला पिन भोकाच्या कडेवर जाऊन आदळते आणि आपण म्हणतो परत तेच झालं. परत झालेलं नसतंच, ते कधी गेलेलंच नसतं.

आता शोधायचं कसं. पहिलं काम म्हणजे मोटर आणि गिअर बाजूला करा. गिअर लागलेला असताना बोटाने काहीच जाणवत नाही. ४०:१ चा वर्म (मोटरच्या दांडीवरचा स्क्रूसारखा गिअर) असेल तर चाक हाताने फिरतही नाही, त्यामुळे गिअरबॉक्स काढता येत नसेल तर निदान वर्म काढा किंवा मोटर सुटी करा. चेसिस काचेच्या तुकड्यावर ठेवा. काच का, तर ती सपाट असते, टेबल सपाट असतं असं आपल्याला फक्त वाटतं. आधी एकही रॉड न लावता प्रत्येक ॲक्सल बोटाने फिरवून बघा, गुळगुळीत फिरला पाहिजे आणि फुंकर मारली तर थोडा तरी हलला पाहिजे. इथेच एखादा घट्ट असेल तर पुढे जाऊ नका. बेअरिंगमध्ये फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते रसायन) वाळलेला असतो किंवा सोल्डरचा बारीक कण आत गेलेला असतो, नाहीतर समोरासमोरची दोन बेअरिंगं एका रेषेत नसतात.

मग एकाच बाजूचे रॉड लावा. फक्त डावे. उजवी बाजू रिकामी. ही चाचणी माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जाते आणि बरेच लोक ती करतच नाहीत. एका बाजूचेच रॉड असताना क्वार्टरिंगचा संबंधच येत नाही, कारण भांडायला दुसरी बाजूच नाही. म्हणजे एकाच बाजूला रॉड असताना गाडी अडत असेल तर क्वार्टरिंगचा विषय संपला, चूक अंतराची आहे नाहीतर पिनची आहे. डावे काढून उजवे लावा, पुन्हा तेच बघा. दोन्ही बाजू एकेकट्या लोण्यासारख्या फिरतायत आणि दोन्ही मिळून अडतायत, तरच क्वार्टरिंग. एक काळजी घ्या, एकाच बाजूचे रॉड असताना डेड सेंटरवर एखादं चाक उलटं फिरायला लागतं, ते बिघाडाचं लक्षण नाही, दुसऱ्या बोटाने त्याला योग्य दिशेला ढकला. सहा चाकांचं इंजिन असेल आणि रॉडला मध्ये सांधा असेल तर आणखी चांगलं, दोन-दोन ॲक्सल वेगळे तपासता येतात, पुढचा तुकडा काढून ठेवा आणि मागच्या दोघांचंच बघा.

कुठे अडतंय ते घड्याळाच्या काट्यासारखं लिहून ठेवायची मला सवय आहे. चाकाकडे बाजूने बघायचं, क्रँकपिन ३ वर किंवा ९ वर असताना अडलं तर डेड सेंटर, म्हणजे अंतर चुकलंय. दोन्ही बाजूंना तशी चूक असेल तर दर पाव फेरीला अडतं कारण एक बाजू ३ वर असते तेव्हा दुसरी १२ किंवा ६ वर असते आणि मग पाळी बदलते. क्रँकपिन दीड, साडेचार, साडेसात, साडेदहा अशा मधल्या जागी असताना अडत असेल तर क्वार्टरिंग. कारण तिथे दोन्ही बाजूंचे रॉड सारख्याच जोराने आपापलं म्हणणं पुढे करतात. आणि फेरीत फक्त एकदाच, म्हणजे ३ वर अडतं पण ९ वर नाही, असं असेल तर एका चाकाची पिन मध्यापासून कमी-जास्त अंतरावर आहे नाहीतर वाकडी आहे, शिवाय रॉडची लांबीही थोडी चुकलेली आहे. नुसती पिन चुकली तर दोन्ही टोकांना अडतं, एका टोकाला रॉड लांब पडतो आणि दुसऱ्या टोकाला आखूड. त्यात लांबीची चूक मिसळली की एका टोकाला दोन्ही चुका एकत्र येतात आणि दुसऱ्या टोकाला एकमेकींना खाऊन टाकतात. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा जुन्या दोन इंजिनांचं कोडं बसल्या जागी सुटलं.

बोटाला जाणवतंय पण डोळ्याला दिसत नाही असं असेल तर मार्कर वापरा. क्रँकपिन किंवा तिच्यावरचं बुश (बारीक पितळी नळी) काळ्या पर्मनंट मार्करने रंगवा, वाळू द्या, रॉड लावून चेसिस दहा-बारा फेऱ्या फिरवा आणि काढून भिंगाखाली बघा. शाई सगळीकडे थोडी थोडी पुसली असेल तर ठीक. एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी चकाकती रेघ उघडी पडली असेल तर तिथेच दाब येतोय. माझ्या त्या टँक इंजिनात मागच्या डाव्या पिनवर पुढच्या अंगाला केसाएवढी पितळी कोर दिसली, बाकी सगळी पिन काळीकुट्ट. रॉडच्या भोकात बघितलं तर तिथेही समोरासमोर तेवढाच चकाकता ओरखडा. बेअरिंग पुढे सरकलंय म्हटल्यावर पिन पुढच्याच कडेला घासणार, खूण अगदी बोट दाखवल्यासारखी होती आणि मी महिनाभर चाकं पिळत बसलो होतो.

मोजायचं असेल तर भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत व्हर्निअरने थेट मोजता येत नाही, त्यासाठी साधी युक्ती आहे. रॉडच्या दोन्ही भोकांत घट्ट बसतील असे सारख्या मापाचे दोन ड्रिल उलटे घाला, म्हणजे गुळगुळीत दांडीकडून. बाहेरून बाहेरपर्यंत मोजा आणि त्यातून एका ड्रिलची जाडी वजा करा, मध्य ते मध्य अंतर मिळालं. फ्रेमसाठीही तेच, ४ मिमी स्केलमध्ये ड्रायव्हिंग ॲक्सल बहुतेक ३.१७५ मिमीचे म्हणजे १/८ इंचाचे असतात, आपल्या भाषेत बरोबर एक सूत, ते दोन्ही बेअरिंगमध्ये घालून बाहेरून बाहेर मोजा आणि ३.१७५ वजा करा. डावीकडे मोजा, उजवीकडे मोजा, दोन-तीनदा मोजा. डावं-उजवं वेगळं आलं तर ॲक्सल तिरका बसलाय. दोन्ही सारखं पण रॉडपेक्षा वेगळं आलं तर रॉड किंवा फ्रेम. फरक ०.०५ मिमीच्या आत असेल तर मी सोडून देतो, ०.१ च्या पुढे गेला तर दुरुस्त करतो.

ही चूक मुळात येते कुठून? किटच्या ड्रॉइंगमध्ये ती क्वचित असते. एच केलेल्या पत्र्यात फ्रेम आणि रॉड एकाच ड्रॉइंगवरून कोरलेले असतात आणि अंतरं चांगली जुळलेली असतात. चूक आपल्या हातून येते, आणि पहिली जागा म्हणजे ब्रोच करणं. एचिंगमधली भोकं मुद्दाम लहान ठेवलेली असतात, ती आपण मोठी करायची असतात, आणि ब्रोच फिरवताना हात ज्या बाजूला कलतो त्या बाजूला भोक सरकतं. पाच धारांचा ब्रोच हलक्या हाताने, अर्धं काम पुढून आणि अर्धं मागून, आणि दर दोन वळशांनी रॉड ९० अंशात फिरवून धरला तर भोक मध्यावर राहतं. घाई केली, जोर लावला की गेलं.

दुसरी जागा म्हणजे रॉडचे दोन थर. बहुतेक किटमध्ये रॉड दोन पातळ थर एकावर एक सोल्डर करून बनवायचा असतो. दोन्ही थरांची भोकं जुळली नाहीत तर आतून भोक लंबगोल होतं आणि मग ब्रोच त्यातून कुठेही भरकटतो. लाकडाच्या ठोकळ्यात सरळ भोकं पाडून त्यात ड्रिलच्या दांड्या उभ्या करा, त्यांना पुसटसं तेल लावा म्हणजे सोल्डर चिकटणार नाही, थरांना आतून आधी पातळ सोल्डर चढवून घ्या, दांड्यांवर ओवा आणि मग वरून सोल्डरिंग आयर्न फिरवा. चिमट्यात धरून डोळ्याच्या अंदाजाने केलेला रॉड सरळ निघालेला मी तरी बघितला नाही.

तिसरी जागा बेअरिंग. फ्रेमचं भोक थोडं सैल झालं आणि बेअरिंग त्यात हललं की सोल्डर गोठताना ते जिथे असेल तिथे अडकलं. माझं हेच झालं होतं.

दुरुस्ती. चुकलेलं बेअरिंग गरम करून काढा, फ्रेमचं भोक सगळीकडून थोडं मोठं करा इतकं की बेअरिंग हलू शकेल, आणि मग रॉडलाच साचा म्हणून वापरा. यासाठी जिग ॲक्सल मिळतात, ३.१७५ मिमीची लांब दांडी आणि दोन्ही टोकं निमुळती केलेली, त्या टोकांवर कपलिंग रॉड बसतो. नसतील तर लेथवाल्याकडून करून घ्या, एकदा केलेल्या जन्मभर पुरतात. गिअर ज्या ॲक्सलवर आहे तो आधी पक्का करा, फ्रेमशी गुण्या लावून काटकोन बघा, मग शेजारच्या ॲक्सलचं बेअरिंग सुटं ठेवून दोन्ही बाजूंचे रॉड जिगवर चढवा, सगळं आपोआप जिथे बसायचं तिथे बसतं, आणि तसंच एक टिपका सोल्डर द्या. एकच टिपका. दुसऱ्या बाजूला एक टिपका. पुन्हा तपासा, ॲक्सल फिरवून बघा, काच ठेवून बघा, पटलं की मग पूर्ण सोल्डर. इथे साधं ६०/४० सोल्डर वापरलं तरी चालतं, ते १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळतं, पण शेजारी आधीच काही सोल्डर केलेलं असेल तर १४५ अंशाचं घ्या म्हणजे आधीचे सांधे हलणार नाहीत. पुष्कळदा गाडी पुन्हा लंगडायला लागते ती अशीच, एक बेअरिंग दुरुस्त करताना शेजारचं वितळून सरकतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

आणि फॉस्फोरिक ॲसिडवाला फ्लक्स वापरत असाल तर काम झाल्या झाल्या गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून ब्रशने घासून धुवा. राहिलेला फ्लक्स स्टीलच्या ॲक्सलला गंज आणतो, दोन महिन्यांनी ॲक्सल बेअरिंगमध्ये जाम होतो आणि वाटतं की जुनंच दुखणं परत आलं. सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवा, त्या वाफा छातीत जाऊ देऊ नका, आणि शिशाचं सोल्डर हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

अंतर जुळलं, एकेक बाजू मोकळी फिरते, आणि दोन्ही बाजू मिळून अजून अडतंय, तर आता क्वार्टरिंग. चौकोनी टोकाच्या ॲक्सलवर चाकं आपोआप ९० अंशात बसतात, तिथे चूक फार क्वचित, फक्त नट पूर्ण घट्ट आहे का बघा, कारण सैल नट म्हणजे चौकोनावर चाक डुलणार. प्लास्टिक मध्याची, दाबून बसवायची चाकं असतील तर मात्र लक्ष द्या, ती प्रत्येक वेळी पिळली की भोक थोडं सैल होतं. चार-पाचदा पिळलं की चाक ॲक्सलवर पकडच धरत नाही आणि लोड आला की सरकतं, हे पुन्हा पुन्हा होणाऱ्या लंगडण्याचं दुसरं मोठं कारण. आज बरोबर, चढावर गाडी नेली की चुकलं. ॲक्सल आणि चाकावर बारीक खुणेची रेघ मारून ठेवा, रेघ तुटली की समजायचं चाक सरकलं. एकदा बरोबर बसलं की रिटेनिंग कंपाउंडचा (दांडीवर भाग पक्का धरून ठेवणारा चिकट द्रव) सुईच्या टोकाएवढा थेंब द्या, तो बेअरिंगकडे वाहणार नाही एवढं बघा. बसवताना एका ॲक्सलला प्रमाण माना, गिअरवाल्याला, आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा, सगळे एकदम हलवायला गेलात की शेवट होत नाही. आरे बघून जुळवायचं तर बाजूने एक डोळा मिटून बघा, जवळच्या चाकाचे आरे पलीकडच्या चाकाच्या आऱ्यांमधून कसे दिसतात ते प्रत्येक ॲक्सलला सारखं दिसलं पाहिजे. बॅक टू बॅक गेज (दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ठरवणारा ठोकळा) आत ठेवूनच दाबा, १६.५ मिमीच्या ओओ रुळासाठी १४.५ मिमी.

एकाच दिशेला अडतंय, पुढे जाताना छान आणि मागे येताना अडखळते, असं असेल तर रॉडना हात लावू नका. वर्म मोटरच्या दांडीला एका दिशेला ढकलतो आणि उलट फिरला की दुसऱ्या दिशेला ओढतो, दांडी पुढेमागे हलत असेल तर गिअरचे दात कधी घट्ट कधी सैल बसतात. वॉशर घालून ती हालचाल कमी करा. गिअरबॉक्स फ्रेमला घट्ट स्क्रू केला असेल तर तो सोडा. त्याला ॲक्सलवर थोडं तरंगू द्या, फक्त गोल फिरू नये म्हणून एक आडवी पट्टी पुरते.

आता बाहेरच्या सिलिंडरवाल्या इंजिनांचं दुखणं, म्हणजे २-६-० किंवा ४-६-० वगैरे. कपलिंग रॉड लावून चेसिस मस्त फिरते, मग कनेक्टिंग रॉड (सिलिंडरकडून चाकाकडे येणारी दांडी), क्रॉसहेड (तिच्या सिलिंडरकडच्या टोकाचा सरकता तुकडा) आणि तो ज्यावर सरकतो ते स्लाइडबार लावले की दर फेरीला एक बारीक टक. हे आवाजानेच ओळखता येतं. पुढच्या ड्रायव्हिंग चाकाची क्रँकपिन क्रॉसहेडच्या मागून जाते आणि पिनचा नट क्रॉसहेडला घासतो. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, जितकं खऱ्याच्या जवळ तितकी इथे जागा कमी. १६.५ मिमीला चाकं आत असतात म्हणून निभावतं, १८.८३ मिमीला चाकं बाहेर येतात पण सिलिंडर तिथेच राहतात. काही वेळा सरळ रुळावर टक नाही आणि वळणावर आहे असं होतं, तेव्हा ॲक्सलला आडवी हालचाल जास्त आहे, वळणावर चाक बाहेर सरकतं आणि नट लागतो. पुढच्या ॲक्सलला पातळ वॉशर घालून ती हालचाल जवळजवळ संपवा आणि वळणासाठीची हालचाल मधल्या ॲक्सलला द्या. नटाच्या जागी पातळ वॉशर पिनला सोल्डर करा आणि रॉडच्या बाहेरच्या अंगाला भोकाभोवती थोडी खळगी करा म्हणजे तो वॉशर रॉडच्या पातळीत बसेल.

तो वॉशर सोल्डर करताना सगळ्यांची भीती एकच, सोल्डर आत जाऊन रॉडच पिनला चिकटला तर? सिगारेटच्या कागदासारखा पातळ कागद घ्या, तेलात भिजवा, त्याला पिनच्या मापाचं भोक पाडा, आधी रॉड, मग कागद, मग वॉशर. आयर्न चांगलं तापलेलं, टोक स्वच्छ, टेकवायचं आणि उचलायचं, एक सेकंदही जास्त नाही. थंड झालं की कागद चिमट्याने ओढून फाडून काढायचा आणि जी जागा मोकळी राहते तीच रॉडला हवी असलेली मोकळीक. चाक प्लास्टिक मध्याचं असेल तर पिनमधून उष्णता आत जाते आणि पिन तिरकी होते, म्हणून जास्त वेळ टेकवू नका, पहिल्यांदा नाही जमलं तर थांबा, पूर्ण गार होऊ द्या, मग पुन्हा.

आणखी एक तक्रार जी मला फार वेळा ऐकू येते: नुसती चेसिस छान चालते आणि बॉडी बसवली की लंगडते. बॉडीचे स्क्रू अर्धा आटा सैल करा आणि बघा. त्याने सुधारलं तर बॉडी फ्रेमला पिळतेय. फुटप्लेट (बॉडीचा खालचा आडवा पत्रा) किंचित वाकडी असते, स्क्रू आवळला की ती सरळ होत नाही, उलट फ्रेमच तिच्यासारखी वाकडी होते आणि जुळवलेली सगळी अंतरं हलतात. फुटप्लेटखाली जिथे फट आहे तिथे पत्र्याचा पातळ तुकडा सोल्डर करा. तसं नसेल तर स्प्लॅशरच्या (चाकावरच्या झाकणाच्या) आत बघा, चाकाची कडा घासून चकाकती रेघ पडलेली असते, आणि ती जागा शॉर्टही करते, म्हणजे अडखळणं यांत्रिक नसून विजेचं असतं. डिटेलिंग झाल्यावर सुरू झालेलं लंगडणं असेल तर ब्रेक ब्लॉक, सँड पाइप (चाकापुढे वाळू टाकायच्या नळ्या), त्यांच्या तारा, सगळं एकेक करून चाकापासून अर्धा मिमी तरी लांब आहे का बघा. हौसेने लावलेली पितळी सँड पाइप चाकाला इतक्या हलकेच टेकते की दिसत नाही, अंधारात चालवून बघितलं की बारीक ठिणगी दिसते.

शेवटचं, भोकं आधीच मोठी करून बसला असाल तर रॉड टाकून देऊ नका. भोक आणखी मोठं करा, मुद्दाम, गोल आणि नीट मध्यावर, त्यात घट्ट बसेल अशी पितळी नळी घाला, १४५ अंशाचं सोल्डर द्या, दोन्ही बाजूंनी कानस मारून रॉडच्या पातळीत आणा आणि नळीच्या आतलं भोक पिनच्या मापाला ब्रोच करा. मध्य ते मध्य अंतर पुन्हा ड्रिल घालून मोजा, कारण आता रॉडची लांबी तुमच्या हातात आहे, फ्रेमप्रमाणे ठेवता येते. माझ्या टँक इंजिनाच्या सहाही भोकांना मी असंच केलं. मग बेअरिंग सरकवलं, रॉड चढवले, मोटर न लावता काचेला एका बाजूने दोन पुस्तकं लावून उतार केला आणि चेसिस वर ठेवून सोडली, ती स्वतःच्या वजनाने, कुठेही न थबकता, खालपर्यंत घरंगळत गेली. मोटर लावून मध्ये ॲमीटर (करंट मोजायचं यंत्र) जोडला आणि अगदी कमी व्होल्टवर, आरे मोजता येतील इतक्या हळू चालवली. पूर्वी दर फेरीला काटा उडी मारायचा तो आता एका जागी बसून होता. अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, प्रत्येक पिनला तेलाचा एक थेंब देऊन नुसतीच फिरवली, आणि मग मागे चार डबे लावले.